पन्नाशीचा फ्रोडो

फ्रोडो बॅगिन्स जादूची अंगठी घेऊन घराबाहेर पडतो तेव्हा त्याला ५० वर्षं पूर्ण झालेली असतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे नुसते सिनेमे पाहिलेल्या कुणाला हे सांगितलं की तो आधी हसतो, आणि मी गंमत करत नाहीये हे लक्षात आलं की चमकतो. पण मूळ पुस्तक लिहिणाऱ्या टॉल्किनने सगळं तारीखवार लिहून ठेवलंय. फ्रोडोचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो, त्याच्या १११व्या वाढदिवसाची ती प्रसिद्ध मेजवानी होते त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, फ्रोडोला ३३ वर्षं पूर्ण होतात, म्हणजे हॉबिटांच्या, त्या बुटक्या लोकांच्या, रीतीप्रमाणे तो वयात येतो. बिल्बो सगळ्यांसमोर गायब होतो, अंगठी मागे ठेवून जातो, आणि त्यानंतर पुस्तकात १७ वर्षं जातात.

या १७ वर्षांवर टॉल्किनने फार पानं खर्च केलेली नाहीत, पण जेवढी केली तेवढी मला तोंडपाठ व्हायला आली आहेत. फ्रोडो बॅग एंड या घरात एकटा राहतो. चांदण्यात टेकड्यांवर, रानात भटकतो आणि शेजारीपाजारी त्याला विक्षिप्त म्हणतात. तो नकाशे उघडून बसतो, तर शायरमध्ये, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात, काढलेल्या नकाशांत हद्दीपलीकडे बहुतेक कोरी जागाच असते. पन्नाशी जवळ येते तसं त्याला अस्वस्थ वाटू लागतं, कारण बिल्बोही पन्नासाव्या वर्षीच घराबाहेर पडला होता. शेवटी तो राहतं घर विकतो. तेही कुणाला, तर ज्यांचा त्या घरावर कायम डोळा होता त्या नातेवाइकांना. वाढदिवस उरकतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो. जमलेला संसार, पुस्तकं, तळघरातली वाइन, ठरलेल्या वाटा असं सगळं असलेला माणूस या वयात घर विकून निघतो म्हणजे काय, हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पीटर जॅक्सनने ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण सुरू केलं तेव्हा एलायजा वुड १८ वर्षांचा होता. एवढंच असतं तरी एक वेळ ठीक. पण चौघा हॉबिटांची वयं शेजारी शेजारी मांडून पाहा. पुस्तकात फ्रोडो ५०, सॅम ३८, मेरी ३६ आणि पिपिन २८, म्हणजे पिपिन अजून वयातही आलेला नाही. पडद्यावर सॅम झालेला शॉन अ‍ॅस्टिन वुडपेक्षा १० वर्षांनी मोठा. मेरी झालेला डॉमिनिक मोनॅहन ४ वर्षांनी मोठा. आणि सगळ्यांत धाकट्या पिपिनची भूमिका करणारा बिली बॉइड १९६८ सालचा, चौघांत सगळ्यांत थोरला! जो सगळ्यांत मोठा तो सगळ्यांत लहान झाला आणि जो सगळ्यांत लहान तो सगळ्यांत मोठा. पुस्तकाच्या इतकं उलट क्वचितच कुठल्या सिनेमात झालं असेल.

आणि या निवडीवर एवढ्या वर्षांत किती आरडाओरडा झाला? जवळजवळ नाही. टॉल्किनचे कट्टर वाचक टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळलं म्हणून रुसले, आर्वेन या नायिकेच्या हातात तलवार दिली म्हणून चिडले. फ्रोडोची बत्तीस वर्षं कापली गेली त्याबद्दल मात्र कुणाला फारसं काही वाटलं नाही. वुड छान दिसतो, डोळे मोठे आहेत, काम मन लावून केलंय, विषय संपला. फँटसीच्या पात्रनिवडीवरून गेली काही वर्षं जी भांडणं चालली आहेत ती वाचताना मला सारखं हेच आठवतं. ‘पुस्तकात असं नाहीये’ हे वाक्य लोक कधी उच्चारतात आणि कधी उच्चारत नाहीत, हे बघण्यासारखं आहे.

फ्रोडोच्या वयाचं मला एवढं का वाटावं? एक कारण सरळ आहे. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि पन्नास हा आकडा तेव्हा मला काहीच सांगत नव्हता. आता सांगतो. दुसरं कारण लेखकाचं स्वतःचं. टॉल्किन १८९२चा. हे पुस्तक लिहायला त्याने डिसेंबर १९३७ मध्ये घेतलं तेव्हा तो ४५चा होता आणि हातावेगळं केलं तेव्हा पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, त्याचा मुलगा लष्करात गेला. जगावर चालून आलेलं संकट आपल्या वयाच्या माणसाच्या दारात आणून ठेवावं, असं त्याला वाटलं यात मला फार मोठा अर्थ दिसतो. ‘हे माझ्या हयातीत व्हायला नको होतं’ असं फ्रोडो गँडाल्फ या जादूगाराला म्हणतो. अठराव्या वर्षी म्हटलेलं हे वाक्य आणि पन्नासाव्या वर्षी म्हटलेलं हे वाक्य एकच असू शकत नाही.

दिग्दर्शकाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते बोललंच पाहिजे. अंगठी जवळ असलेल्या माणसाचं वय वाढत नाही. पुस्तकातला फ्रोडोही पन्नाशीला तेहतिशीचाच दिसतो आणि शायरमधले लोक त्यावरून कुजबुजतात. तेव्हा चेहरा तरुण असणं चुकीचं नाही. पण त्या तरुण चेहऱ्यामागे १७ वर्षांचा एकांत असायला हवा होता. सिनेमात ती वर्षंच नाहीत. गँडाल्फ जातो, जुनी कागदपत्रं धुंडाळतो आणि परत येतो. बघणाऱ्याला वाटतं की फार तर काही महिने गेले असतील. म्हणजे दिसायला तरुण आणि आतूनही तरुण, असा फ्रोडो आपल्याला मिळाला.

याचा परिणाम कुठे झाला ते दाखवायला मी एकच प्रसंग निवडेन. गेल्या दिवाळीत भाची आली होती. ती सिनेमांकडून पुस्तकाकडे आलेल्या पिढीतली. आम्ही दोघी रात्री पहिला भाग लावून बसलो होतो आणि ब्रुइनेन नदीच्या उताराशी मी सिनेमा थांबवला. पडद्यावर काय होतं ते बहुतेकांना आठवत असेल. सुरा लागलेला फ्रोडो अर्धवट शुद्धीत आहे, आर्वेनने त्याला घोड्यावर घेतलंय, ती नदी ओलांडते, वळते, तलवार उपसते आणि पाठलागावर असलेल्या नऊ काळ्या स्वारांना आव्हान देते. पुस्तकात घोड्यावर फ्रोडो एकटा आहे. घोडा वाटेत भेटलेल्या ग्लोरफिंडेलचा. तो फ्रोडोला पलीकडे नेतो, आणि थंडीने हात बधिर झालेला, समोरचं धूसर दिसत असलेला हा छोटा माणूस मागे वळून त्या नऊ जणांना परत जा म्हणून सांगतो. ते हसतात. तो तलवार उचलतो आणि म्हणतो, ना अंगठी मिळेल ना मी. तलवार मोडते. मग नदीला लोंढा येतो. त्याआधी वेदरटॉप टेकडीवरच्या हल्ल्यातही तेच. पुस्तकात तो एल्बेरेथ या देवतेचं नाव घेऊन शत्रूच्या पायावर वार करतो, सिनेमात त्याच्या हातातून तलवार गळून पडते आणि तो मागे सरकत जातो.

“आधी लहान मुलगा घेतला म्हणून त्याला असं लिहिलं, की असं लिहायचं होतं म्हणून लहान मुलगा घेतला?” मी तिला विचारलं.

“पण मावशी, तो एवढा कोवळा दिसतो म्हणूनच शेवटी पोटात तुटतं ना?” ती म्हणाली. “तू म्हणतेस तसा मोठा माणूस असता तर मला वाटलं असतं, बरं, याने निम्मं आयुष्य तरी जगून घेतलंय. एलायजा वुड घरी परत येतो आणि त्याला घरात राहवतच नाही. तो कॉलेजच्या वयाचा आहे गं.”

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. टॉल्किन १९१६च्या उन्हाळ्यात सोमच्या लढाईत होता तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याच्या शाळेतल्या जिवलग मित्रांपैकी एक त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला मारला गेला, दुसरा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. १९१८ उजाडेपर्यंत एक सोडून आपले सगळे जवळचे मित्र गेले होते, असं त्याने पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. परत आलेल्या आणि तरीही परत न आलेल्या त्या पोरांचा चेहरा शोधायचा तर तो एलायजा वुडसारखाच असेल. तेव्हा भाची म्हणते तो फ्रोडोही टॉल्किनच्या आयुष्यातूनच आलाय, फक्त वेगळ्या दशकातून. तरीही मला माझा पन्नाशीचा फ्रोडो हवा. तो पडद्यावर कुणीच दाखवलेला नाही.

गंमत अशी की ज्या दिग्दर्शकाला फ्रोडोच्या वयाचं काही वाटलं नाही, त्यालाच अ‍ॅरागॉर्नच्या वयाचं वाटलं. राजवंशातल्या त्या भटक्या योद्ध्याच्या भूमिकेसाठी आधी स्ट्युअर्ट टाउनसेंड हा २६ वर्षांचा आयरिश नट निवडला होता. त्याने तयारीही केली होती. चित्रीकरण सुरू होतंय न होतंय तोच त्याला बदललं, तो फार तरुण पडतोय म्हणून. विगो मॉर्टेन्सनला फोन गेला. तो तेव्हा एकेचाळिशीला आलेला, पुस्तक न वाचलेला. त्याच्या ११ वर्षांच्या मुलाला मात्र अ‍ॅरागॉर्न कोण ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याने बापाला जा म्हणून सांगितलं. ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला माणूस पुस्तकात ऊनपावसाने रापलेला आहे, काळ्या केसांत पांढरे दिसू लागलेत. त्याचं खरं वय ८७. मॉर्टेन्सन काही ८७चा दिसत नाही, पण हा माणूस वर्षानुवर्षं उघड्यावर झोपलाय हे त्याच्या बसण्यात दिसतं. पहिल्या दृश्यात तो काही करतही नाही. पाइप ओढतो आणि बघतो. ती निवड इतकी अचूक होती की आता दुसरा अ‍ॅरागॉर्न मला सुचत नाही.

तेव्हा वर्णन पुस्तकात आहे की नाही, एवढ्यावर मला थांबता येत नाही. ते वर्णन गोष्टीत काय काम करतंय, हे बघावं लागतं. हॅरी पॉटरचे डोळे पुस्तकात हिरवे आहेत. डॅनिएल रॅडक्लिफला लेन्सचा त्रास झाला म्हणून ते सिनेमात निळेच राहिले. त्याने काही बिघडलं नाही, कारण त्या डोळ्यांचं काम ‘आईसारखे’ असण्याचं आहे, हिरवे असण्याचं नाही. पाटील जुळ्या बहिणींपैकी पद्मा पुस्तकात शाळेच्या रेव्हनक्लॉ गटातली, सिनेमात तिला बहिणीबरोबर ग्रिफिंडोरमध्ये बसवून टाकलं. आपल्या आडनावाच्या मुली हॉगवर्ट्समध्ये पाहून हरखलेल्या मला हे खटकलं, बाकी जगाला पत्ताही लागला नाही.

रंगाचं मात्र तसं नाही. रंग बदलला की सगळ्यांना एकदम पुस्तक आठवतं.

नोव्हेंबर २०१०ची गोष्ट. ‘हॉबिट’ या सिनेमासाठी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात गर्दीतल्या हॉबिटांची निवड चालू होती. पाकिस्तानी वंशाची, अंगाने लहानखुरी अशी एक ब्रिटिश बाई तीन तास रांगेत उभी राहिली आणि तुमचा रंग चालणार नाही असं ऐकून परत गेली. बातमी फुटल्यावर निर्मात्यांनी हात झटकले, असं करायला आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणाले, आणि निवड करणाऱ्या माणसाला काढून टाकलं. त्या माणसाने जाहिरातही उजळ कांतीचे लोक हवेत अशीच दिली होती. त्याने पुस्तक उघडलं असतं तर? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अगदी सुरुवातीला हॉबिटांच्या तीन जाती सांगितल्या आहेत, आणि त्यांतले हारफूट, जे संख्येने सर्वांत जास्त, ते इतरांपेक्षा सावळ्या रंगाचे आहेत असं स्वच्छ लिहिलंय. फ्रोडोचं वर्णन गँडाल्फ करतो तेव्हा ‘बहुतेकांपेक्षा गोरा’ म्हणतो. म्हणजे बहुतेक हॉबिट त्याच्याइतके गोरे नव्हते. पुढे झोपलेल्या फ्रोडोच्या पांढऱ्या कपाळावर सॅमचा तपकिरी हात ठेवलेला आहे, हे चित्र तर टॉल्किनने मुद्दाम थांबून काढलंय. गर्दीतला हॉबिट गोराच हवा हे पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं. ते आधीच्या सिनेमांनी सांगितलं होतं आणि त्याआधी चित्रांनी.

मग सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनची ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ आली. हारफूटांचा म्होरक्या लेनी हेन्री, हा काळा नट. बौनी राजकन्या डीसा झालेली सोफिया नोम्व्हेटे, हीही काळी. आणि अ‍ॅरॉन्डिर या एल्फच्या, म्हणजे अमर वंशातल्या योद्ध्याच्या, भूमिकेत इस्माएल क्रूझ कॉर्दोव्हा, पोर्तो रिकोचा. नटांना इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की जुन्या सिनेमांतले चारही हॉबिट, वुड, अ‍ॅस्टिन, मोनॅहन आणि बॉइड, वेगवेगळ्या रंगांच्या कानांचं चित्र असलेले कपडे घालून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मला त्या दिवशी चौघांचं फार कौतुक वाटलं.

तक्रार करणारे सगळेच शिव्या देणारे नव्हते. एल्फ गोरे, करड्या डोळ्यांचे, असं टॉल्किनच्या परिशिष्टात आहे, आणि ज्यांनी ती परिशिष्टं प्रेमाने वाचली आहेत त्यांना ते आठवणारच. त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे असं मला वाटतं. पण मग मी माझा प्रश्न विचारते: एल्फच्या बाबतीत गोरेपणाचं काम काय? टॉल्किनच्या एल्फला एल्फ करतं ते त्याचं न मरणं. हजारो वर्षं बघितलेली, माणसांच्या दहा-वीस पिढ्या डोळ्यांसमोर येऊन गेलेल्या, अशी नजर. झाडावर हात ठेवला तर ते झाड रोपटं असताना आपण इथे होतो हे ज्याला आठवतं तो एल्फ. त्या मालिकेत झाड तोडायच्या आधी अ‍ॅरॉन्डिर त्याची क्षमा मागतो. अख्ख्या मालिकेत मला एल्फ दिसला तो तिथे. बाकीचे बरेच गोरे एल्फ राजकारणी लोकांसारखे बोलत होते, आखूड केस कापून हिंडत होते. डीसा दगडांना उद्देशून गाते तेव्हाही मला बौनांचं दगडाशी असलेलं नातं पहिल्यांदा कानांनी कळलं. मालिकेची पटकथा मला कच्ची वाटली, कित्येक भागांत कंटाळाही आला. पण तिचे दोष या नटांच्या कातडीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

आता उलट बाजू, जिथे रंगाचं खरोखर काम होतं.

उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली आलं. बेटांचं जग, त्यातल्या गोंट बेटावरच्या दहा आल्डर नावाच्या खेड्यात बकऱ्या राखणारा एक पोर. पहिल्याच प्रकरणात समुद्रावरून धाड येते. धाड घालणारे कार्ग गोरे, पिवळ्या केसांचे, रक्ताला चटावलेले. गावात लढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हा बारा वर्षांचा मुलगा, त्याला जे थोडेफार हवेचे मंत्र येतात ते एकत्र करून सगळ्या गावावर धुकं उभं करतो. गावकऱ्यांना वाटा पाठ आहेत, कार्गांना नाहीत. धुक्यात ते चाचपडतात, कड्यावरून कोसळतात. गाव वाचतं, आणि मुलाची वाचा जाते. ताकदीबाहेरचं केल्यामुळे तो खात नाही, बोलत नाही, झोपत नाही. मग ओगिअन येतो, त्याला बरं करतो, पुढे त्याला त्याचं खरं नाव देतो: गेड.

हा गेड तांबूस तपकिरी रंगाचा आहे. त्याचा जिवाभावाचा मित्र व्हेच काळा आहे. त्या जगातली बहुतेक माणसं सावळी, गोरे ते लांबचे परके. ले ग्विनने हे मुद्दाम केलं होतं, आणि मोठ्या युक्तीने. गोऱ्या वाचकाने मुलाच्या कातडीत आधी शिरावं आणि मग हळूहळू त्याला कळावं की ही कातडी आपल्यासारखी नाही, म्हणून तिने ही माहिती थोडी थोडी करून दिली. तिनेच तसं पुढे लिहिलंय. १९६८च्या अमेरिकेत, मुलांच्या पुस्तकात, जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा असं ठरून गेलेलं असताना! मी हे पुस्तक वाचलं तेव्हा गेडचा रंग कळलेल्या ओळीवर थांबून मागची पानं पुन्हा चाळली होती. परदेशी अद्भुतकथेतला नायक आमच्या गावातल्या मुलांच्या रंगाचा असू शकतो हे मला तोवर सुचलेलंच नव्हतं.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने यावर दोन रात्रींची मालिका दाखवली. गेड झाला शॉन अ‍ॅशमोर, गोरापान. ओगिअनच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर, आणि महत्त्वाच्या भूमिकांत काळा नट जवळजवळ तेवढाच. नायिका टेनार पुस्तकात कार्ग आहे, म्हणजे गोरी, आणि तिच्या भूमिकेत क्रिस्टिन क्रूक, जिची आई चिनी वंशाची. सावळा नायक गोरा झाला आणि मोजक्या गोऱ्या पात्रांपैकी एक निम्मी आशियाई. ले ग्विनने तेव्हाच लेख लिहून आपला संताप सांगितला. सल्लागार म्हणून करारात नाव होतं, पण सल्ला कुणी विचारला नाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही गेडला गोरा करण्याशी ती वर्षानुवर्षं झगडत आली होती. सावळ्या, काळ्या मुलांची तिला पत्रं येत: तुमच्या गोष्टीत आम्ही होतो म्हणून. त्या मुलांना या मालिकेत काय मिळालं असेल, हे तिचं दुःख होतं.

गेडचा रंग बदलल्यावर पहिलं प्रकरणच वेगळं होतं. गोऱ्या गावावर गोऱ्यांची धाड. मग ती नुसती एक धाड उरते, हजारो गोष्टींत असते तशी. एल्फचा रंग बदलला तर एल्फ एल्फ राहतो, गेडचा बदलला तर गेड राहत नाही. दोन्हीकडे एकच नियम लावायला निघालेल्या माणसांशी माझं जमत नाही, मग ते ‘पुस्तकात आहे तसंच करा’ म्हणणारे असोत की ‘रंगाला अर्थच नसतो’ म्हणणारे. ले ग्विन २०१८च्या जानेवारीत गेली. तिच्या मनातला गेड पडद्यावर आलेला बघणं तिच्या नशिबी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सध्या मला झोप लागू देत नाही तो हॅरी पॉटरचा शिक्षक स्नेप. पुस्तकात हॅरी शाळेत येतो तेव्हा स्नेप ३१ वर्षांचा आहे. अ‍ॅलन रिकमनने ती भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा तो पन्नाशीच्या मध्यावर होता, आणि त्याच्या सोयीने हॅरीचे आईबापही वाढले. पुस्तकात ती दोघं २१व्या वर्षी मेलेली आहेत. २१! जादूच्या आरशात हॅरीला दिसणारी आईबापं मोठ्या भावाबहिणीच्या वयाची असायला हवी होती. तरीही रिकमनने स्नेप असा बळकावला की पुस्तक वाचतानाही त्याचाच आवाज ऐकू येतो. आपल्याकडे प्रभातच्या १९३६च्या सिनेमात विष्णुपंत पागनीसांनी तुकाराम केला आणि त्यानंतर लोकांच्या मनातला तुकाराम पागनीसांसारखाच दिसू लागला, तसं काहीसं. अशी जागा पुन्हा रिकामी करायला दुसऱ्या नटाला फार मोठं काळीज लागतं.

एचबीओने एप्रिल २०२५ मध्ये हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेत स्नेपच्या भूमिकेसाठी पापा एसिएडूचं नाव जाहीर केलं. घाना वंशाचा, रॉयल शेक्सपिअर कंपनीत हॅम्लेट केलेला, तिशीच्या मध्यावरचा नट. वयाने तो रिकमनपेक्षा पुस्तकातल्या स्नेपच्या कितीतरी जवळ आहे. गदारोळ झाला तो रंगावर. स्नेपचं वर्णन फिकट चेहऱ्याचा, तेलकट केसांचा, आकड्या नाकाचा असं आहे, तेव्हा हे होणारच होतं. ‘तसा दिसत नाही’ या तक्रारीत मला रस नाही. रिकमनही तसा दिसत नव्हता.

पण भाचीने फोनवर एक मुद्दा काढला आणि आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत त्यावर बोलत बसलो. पाचव्या पुस्तकात हॅरी स्नेपच्या आठवणीत शिरतो तो प्रसंग. परीक्षा संपलेली आहे, तळ्याकाठी मुलं बसली आहेत, आणि कंटाळा आला म्हणून हॅरीचा बाप जेम्स पॉटर आणि त्याचा मित्र सिरिअस एका एकट्या, गबाळ्या मुलाला मंत्राने हवेत उलटा टांगतात. बाकीची पोरं हसतात. लिली, हॅरीची पुढे होणारी आई, मध्ये पडते आणि अपमानाने पेटलेला स्नेप तिलाच तिच्या रक्तावरून शिवी देतो. तो मुलगा आता काळा असेल. पुढे हाच मुलगा रक्ताच्या शुद्धतेसाठी माणसं मारणाऱ्यांच्या टोळीत जाणार आहे. इथे रंग काम करणारच, पुस्तकात नसलेलं काम.

भाचीचं म्हणणं, ते जेम्सच्या टोळक्यातही वेगवेगळ्या रंगांची मुलं घालतील, म्हणजे कुणाला बोट दाखवायला नको. मला तसं व्हायला नकोय. एसिएडूला घेतलंय तर त्या निवडीमागोमाग जे येतं ते सगळं येऊ द्यावं. तो प्रसंग मवाळ करू नये, जेम्सला सोडून देऊ नये, आणि टांगलेल्या मुलाचा रंग कुणाला दिसलाच नाही असं दाखवू नये. पुस्तकातही हॅरी त्या आठवणीतून बाहेर येतो तेव्हा बापाविषयीचा त्याचा अभिमान ढासळलेला असतो आणि त्याला कित्येक दिवस सावरता येत नाही. या मालिकेत तो जास्त ढासळेल. ढासळू द्यावा.